कडू तीर्थ

स्वरूप पहाटेच्या एसटीने लांज्याला उतरला, तिथून रिक्षाने वाडीत आला आणि घरात जायच्या आधी गोठ्यात शिरला. म्हशीने मान वळवून पाहिलं. त्याने पाठपिशवीतून लिटर-लिटरच्या चार बाटल्या काढल्या आणि पेंढ्याच्या ढिगात हात खांद्यापर्यंत घालून आत ढकलल्या. वर पेंढा सारखा केला, अंगावरच्या काड्या झटकल्या आणि मग सज्जन मुलासारखा पुढच्या दाराने घरात गेला.

बाटल्या बियरच्या होत्या. नुसती प्यायला आणलेली असती तर एवढी लपवाछपवी करायचं कारण नव्हतं. वाडीतली निम्मी पोरं मुंबईहून येताना आणतात आणि वर सड्यावर, कातळाच्या माळावर, जाऊन पितात. स्वरूपची अडचण वेगळी होती. ही बियर त्याने स्वतः केली होती. गेली काही वर्षं तो पुण्यात बियरच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होता आणि घरी त्याने सांगितलं होतं की कारखाना शीतपेयांचा आहे. हे काही खोटं नाही, अशी तो स्वतःची समजूत घालत असे. बियर थंड असते आणि ती पितात.

त्याच्या वडिलांना, हरिश्चंद्रांना, हे पटलं नसतं. त्यांच्या वडिलांनी कलमांची एक अख्खी बाग पिऊन संपवली होती आणि तेव्हापासून त्या घरात बाटली येत नसे. खोकल्याचं औषधसुद्धा हरिश्चंद्र वास घेऊन मगच आत घेत. पण आता येत्या रविवारी पुण्याच्या एका पेपरात या बियरबद्दल छापून येणार होतं, तेही स्वरूपच्या फोटोसकट. पेपर वाडीत येत नाही, पण वाडीचा मोबाइलवर ग्रुप आहे, आणि त्यावर कुणाचंही काहीही लपून राहत नाही. त्याच्या आधी आपल्या तोंडाने बाबांना सांगायचं, एवढ्यासाठी तो आला होता. मग बाटल्या कशाला आणल्या, ते त्याला विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. आपण काहीतरी केलंय ते बापाला दाखवावं असं वाटतं माणसाला.

आणि बियर साधी नव्हती. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं असतात, बियरला कडूपणा येतो तो त्यांच्यामुळे. स्वरूपने ती फुलं हात सैल सोडून घातली होती. पहिल्या घोटाला काडेचिराइताचा काढा आठवावा इतकी ती कडू, आणि जोरही चांगलाच. पुण्यातले जाणकार पहिला घोट घेऊन डोळे मिटत आणि उघडले की ‘वा’ म्हणत. मधल्या काळात काय होई ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मालकाने बियरचं नाव काय ठेवायचं विचारलं तेव्हा स्वरूपच्या तोंडून आपोआप ‘राखणदार’ असं निघून गेलं. मग बाटलीवरच्या चित्रासाठी चित्रकाराला त्याने राखणदाराचं वर्णन सांगितलं, लहानपणी बाबांनी सांगितलं होतं तसंच. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पांढऱ्या मिशा, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. चित्र झकास उतरलं होतं.

त्याच दिवशी वाडीची राखण होती. कैरी सुपारीएवढी झाली की दरवर्षी वाडीतले पुरुष सड्यावरच्या राखणदाराच्या दगडापाशी जमतात. वाडीवर, बागांवर आणि मुंबईला गेलेल्या माणसांवर नजर ठेवतो तो हा देव. त्याला वर्षाला एक नारळ, कोंबडा आणि बाटली द्यायची. गाऱ्हाणं घालायचा मान हरिश्चंद्रांचा. बाटलीला ते वर्षातून एवढ्या एकाच दिवशी हात लावत, तोही दोन बोटांनी. तीर्थ म्हणून जीभ ओली होईल इतकंच घेत आणि घरी येऊन चूळ भरत. राखण पार पडली आणि कोंबड्याचं जेवण झालं की बाबा प्रसन्न असतात, हा स्वरूपचा अनुभव होता. तेव्हाच सांगायचं त्याने ठरवलं.

बाटली आणायचं काम हरिश्चंद्रांच्या चुलतभावाचं, केरूचं. या वर्षी केरूने ती वेळेत आणली होती. वेळेत म्हणजे जरा जास्तच आधी. घरात ती नुसती ठेवलेली त्याला बघवेना, आणि राखणीच्या सकाळी पाहतो तर बाटली जागेवर होती पण आत काही नव्हतं. एरवी तो लांज्याला धावला असता. नेमकी त्या दिवशी तालुक्यात मतमोजणी होती आणि दारूची दुकानं बंद. कोरा चहा भरून न्यावा असं त्याच्या मनात आलं, पण अख्खी बाटली चहाची म्हणजे फारच झालं. अशा चिंतेत चुलीसाठी मूठभर पेंढा घ्यावा म्हणून तो हरिश्चंद्रांच्या गोठ्यात शिरला, ढिगात हात घातला आणि हाताला काच लागली.

बाटलीवर राखणदार उभा होता. घोंगडी, काठी, मिशा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव. केरू म्हशीशेजारी मटकन खाली बसला. ज्या घरात बाटली येत नाही त्या घरच्या गोठ्यात, दुकानं बंद असताना, राखणदाराने स्वतःचा फोटो लावलेली बाटली आणून ठेवली होती. याला दुसरं काही कारण असेल असं केरूला सुचलं नाही, आणि त्याने फार प्रयत्नही केला नाही. बाटली छातीशी धरून तो सड्याचा चढ पळत चढला.

सड्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. राखण झाल्याशिवाय कुणी खात नाही, त्यामुळे सगळे सकाळपासून उपाशी आणि ऊन डोक्यावर. हरिश्चंद्र टोपी सारखी करून दगडासमोर उभे राहिले.

"बा राखनदारा, वाडीची पोरंबाळं तुज्या पायाशी उबी हायत. चुकलामाकला पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मागच्या रांगेत स्वरूपही म्हणाला, आणि त्याच वेळी केरूने सदऱ्याखालून बाटली काढली. स्वरूपचा ‘म्हाराजा’ अर्ध्यावर राहिला.

केरूने कोयत्याच्या पाठीने बूच उडवलं. रात्रभर एसटीत हिंदकळलेली, पेंढ्यात उबलेली आणि चढावर पळवलेली बाटली ती. फेस आधी हरिश्चंद्रांच्या टोपीवर गेला, मग दगडावर, आणि उरलेला शेजारी उभ्या असलेल्या सदूच्या तोंडावर. राखणीच्या बाटलीने असं कधी केलं नव्हतं. माणसं दोन पावलं मागे सरली. हरिश्चंद्रांनी टोपीतून गळणारा फेस पुसला आणि शांतपणे विचारलं, ही बाटली कुठली.

"राखनदारानं दिलान," केरू म्हणाला. "तुज्याच गोठ्यात, दादा. पेंढ्यात. आनखी पन हायत. फोटो बग त्याचा."

सगळ्यांनी हरिश्चंद्रांकडे पाहिलं. त्यांच्या घरात बाटली म्हणजे काय हे वाडीला ठाऊक होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. हरिश्चंद्रांनी बाटली हातात घेतली, या खेपेला दोन बोटांनी नाही तर चांगली मुठीत, आणि चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. स्वरूपला वाटलं आता ते मान वर करतील आणि थेट आपल्याकडे बघतील. त्यांनी मान वर केली, पण पाहिलं ते दगडाकडे.

"एका पायात चप्पल नाय," ते म्हणाले.

मग त्यांनी थोडी बियर दगडावर ओतली, थोडी नारळाच्या करवंटीत घेतली आणि तीर्थ घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी करवंटी पुढे दिली. तीर्थ थुंकत नाहीत आणि तीर्थाला तोंडही वाकडं करत नाहीत, त्यामुळे पुढची पाच मिनिटं सड्यावर फार शांततेत गेली. एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकाने हात जोडले ते जोडलेच ठेवले. शेवटी मुंबईला वॉचमन असलेला आणि राखणीसाठी आलेला शिवा जरा धीर करून म्हणाला, की तीर्थ कडू लागतंय. तो बोलल्यावर सगळ्यांचीच जीभ सैल झाली. कडू, फारच कडू, चिराईत बरं. आणि राखणदाराचा एक पाय उघडा. याचा अर्थ शिवानेच लावला: वाडीत कुणीतरी राखणदाराचं काहीतरी नेलंय, आणि तो रागावलाय.

"ज्याचा त्यानं मनाला विचारा," हरिश्चंद्र म्हणाले, आणि दगडाशेजारी बसले.

स्वरूपच्या मनाने तर त्याला दहा वेळा विचारून झालं होतं. पण आता उठून सांगायचं म्हणजे बापाला एकट्यात सांगायची गोष्ट पंधरा-वीस जणांसमोर, देवाच्या दारात, तीही गाऱ्हाणं मोडून सांगायची. तो शब्द जुळवत होता तोवर केरूला घाम फुटला. केरूने दगडापुढे लोटांगण घातलं आणि सांगून टाकलं की दरवर्षी राखणीची अर्धी बाटली तो पितो आणि वर कोरा चहा भरतो. वाडीला धक्का बसला. इतकी वर्षं आपण देवाला निम्मा चहा पाजला आणि उरलेल्याला तीर्थ म्हणून हात पुढे केला, हे पचवायला जरा वेळ लागला. मग कुणीतरी म्हणालं, आता बघूया राग उतरला का. करवंटी पुन्हा फिरली.

कडू होतीच, पण मघापेक्षा वाईच कमी, असं बहुतेकांचं मत पडलं. म्हणजे दिशा बरोबर होती. बाटली संपली होती, म्हणून केरू खाली पळत जाऊन आणखी दोन घेऊन आला. आता शिवा उठला. सड्यावरचं ऐनाच्या झाडाचं सुकं खोड त्याने दोन वर्षांपूर्वी परस्पर नेलं होतं आणि त्याची त्याच्या घराला तुळई झाली होती. तो सांगताना रडला. करवंटी पुन्हा फिरली आणि आता काहींना कडूपणाच्या मागे आणखी काहीतरी लागू लागलं, काय ते सांगता येईना, पण वाईट नव्हतं. मग ओळीनेच सुरू झालं. कुणी दुसऱ्याच्या झाडाचा फणस उतरवला होता, कुणी विहिरीच्या पाळीत लबाडी केली होती. प्रत्येकाच्या मागून करवंटी फिरायची.

स्वरूपला यातलं कारण लख्ख माहीत होतं. ही बियर पहिल्या घोटाला जीभ झोडते, दुसऱ्याला जीभ सवय करून घेते आणि तिसऱ्याला स्वतःहून हात पुढे करते. पुण्यातल्या मालकाला त्याने हेच सांगितलं होतं. शिवाय उपाशी पोट आणि डोक्यावर ऊन. आणि तरी त्याला आतून फार बरं वाटत होतं. करवंटीत कुणी थेंब ठेवत नव्हतं. बापासमोर चोरी उघडी पडायची वेळ आणि आपला माल संपताना बघण्याचं सुख, हे दोन्ही एका वेळी कसं सोसायचं ते त्याला कळत नव्हतं.

सदू अजून गप्प होता. सदू हा हरिश्चंद्रांचा बागेशेजारचा शेजारी. दोघांच्या बागांमधला, जांभ्या दगडाचे चिरे रचून घातलेला गडगा कित्येक वर्षं हरिश्चंद्रांच्या बाजूला सरकत चालला होता आणि तो कसा सरकतो हे कुणालाच कधी दिसलं नव्हतं. यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. राखणीला दोघे येत, ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी जात. तिसरी बाटली उघडली. सदूने करवंटी दोन्ही हातांनी धरली, रिकामी केली, तोंड पुसलं आणि तो हरिश्चंद्रांसमोर जाऊन उभा राहिला.

"हरीदादा, गडगा मीच सरकवतो," तो म्हणाला. "एकदम नाय. दर पावसाळ्यात एकेक चिरा. तुला समजू नये म्हनून."

"किती आला हिकडं?"

"तुजा एक कलम आता माज्यात हाय. पायरीचा. त्याचा आंबा खाताना पन गोड लागत नाय मला."

हरिश्चंद्र उठले. सदूने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडला, आणि हरिश्चंद्रांनीही डोळ्यांना उपरणं लावलं. उन्हाळ्यात गडगा मूळ जागी लावायचा हे दोघांनी सगळ्यांच्या समोर कबूल केलं. शेवटची करवंटी फिरली. तीर्थ गोड झालं होतं. एकूण एक जण तसं म्हणाला, आणि पुरावा म्हणून काहींनी पुन्हा मागितलं.

तेव्हा मात्र स्वरूपला राहवेना. सगळी वाडी मन मोकळं करून बसलेली आणि आपण एकटेच चोर, हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो पुढे आला आणि त्याने सांगून टाकलं, की बाटल्या राखणदाराने ठेवल्या नाहीत, मी ठेवल्या. ही बियर आहे. मी पुण्यात बियरच्या कारखान्यात कामाला आहे आणि ही मी माझ्या हाताने केलीय. कडू आहे ती मी केली म्हणून कडू आहे, राखणदाराचा काही संबंध नाही.

मग केरूला भरून आलं.

"बगा," तो म्हणाला, "सगळ्या वाडीचा पाप पोरगा आपल्या आंगावर घेतोय."

स्वरूपने परोपरीने सांगून पाहिलं. तो जितकं सांगे तितकं लोकांना त्याचं कौतुक वाटे. हरिश्चंद्राचा पोरगा शीतपेयांत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाने तर बिनतोड मुद्दा काढला, की हा खरंच दारू करणारा असता तर इतकी कडू केली असती का, आणि केली असती तर त्याला कुणी नोकरीत ठेवलं असतं का. स्वरूपने शेवटी बाबांकडे पाहिलं. हरिश्चंद्र टोपी पिळत होते.

"जेवायला बसा," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर बापलेक बागेच्या वाटेने घरी निघाले. ऊन उतरलं होतं. सदूच्या गडग्यापाशी हरिश्चंद्र थांबले, चिऱ्यांवर बसले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली. स्वरूप बसला. काय ऐकायला लागणार याची त्याने तयारी केली होती, पण जे आलं त्याची नव्हती.

"वाडीचा राखनदार दोनी पायांत चपला घालतो," हरिश्चंद्र म्हणाले. "आज्यापासून आमी तसाच ऐकलाय. एका चपलेचा राखनदार फकस्त मी सांगितला, नि तोही तुला. लहान होतास. करवंदीच्या जाळीत चप्पल टाकून आलास नि रडत बसलास. म्हटला, राखनदाराला काटे टोचत होते, त्याला एक चप्पल नव्हती, त्यानं घेतलान. तवा गप झालास."

स्वरूपला ती चप्पल आठवली. राखणदाराचा तो उघडा पाय कुठून आला, हे त्याने इतक्या वर्षांत कधी तपासलंच नव्हतं. त्याला वाटे सगळ्यांचाच राखणदार तसा आहे.

"म्हणजे चित्र बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं?"

"व्हय."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"सदू गडग्यापर्यंत यायचा होता."

खाली कुठेतरी भारद्वाज ओरडत होता. स्वरूपने हळूच विचारलं, राग नाही आला का. हरिश्चंद्रांनी विचार केला. शीतपेय म्हणालास त्याचा आला, ते म्हणाले, तो बराच आहे. दारूचा अजून यायचा आहे. माझ्या बापाने जे केलं ते तू करू नकोस, एवढं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग. स्वरूपने ठेवला. मग हरिश्चंद्रांनी शेजारच्या कलमाची एक कैरी तोडली, देठ मोडला आणि बारीक चीक उडाला तो नाकाशी धरला.

"पयला घोट कडू," ते म्हणाले. "मागनं मोहोराचा वास येतो. नि हा. देठाचा चीक."

स्वरूपने कैरी त्यांच्या हातातून घेतली आणि देठ नाकाशी धरला. दोन वर्षं तो हाच वास शोधत होता. यासाठी त्याने बियरचे किती घाणे वाया घालवले होते. पुण्यातल्या जाणकारांनी त्यात संत्रं काढलं, देवदार काढला, कुठली कुठली परदेशी फळं काढली, पण मोहोर कुणी म्हणालं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"तेच करायचं होतं, बाबा."

"झालंय," हरिश्चंद्र म्हणाले. "वाडीला आता मी सांगतो. तुज्यावर कोन विश्वास ठेवीत नाय."

त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्यावरही कुणी ठेवला नाही. बाप आहे, मुलाची बाजू घेणारच, असं वाडीचं म्हणणं पडलं. रविवारी फोटो आला. स्वरूप टाकीशेजारी उभा, हातात राखणदाराची बाटली. सदूने तो ग्रुपवर सगळ्यांच्या आधी टाकला आणि खाली लिहिलं, की राखणदाराने आपल्या पोराला स्वतःकडे कामाला ठेवलं. हे मात्र सगळ्यांना ताबडतोब पटलं. चौथी बाटली पेंढ्यातच राहिली होती. देवाचा फोटो असलेली वस्तू गोठ्यात ठेवतात का, म्हणून स्वरूपच्या आईने, गोदाने, ती धुऊन आणली आणि देव्हाऱ्यात ठेवली. हरिश्चंद्र रोज तिला फूल वाहतात आणि तिच्याकडे बघत नाहीत.

पुढच्या वर्षी राखणीची बाटली स्वरूपने राजरोस पुढच्या दाराने आणली. गडगा जागेवर गेला होता, पायरीचं कलम घरी आलं होतं. दगडापाशी कुणाकुणाच्या एकेरी चपला येऊन पडल्या होत्या, त्यांचे जोडीदार वाडीत बिनकामाचे झाले होते. हरिश्चंद्रांनी टोपी या वेळी आधीच काढून ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. बागांचं झालं, मुंबईकरांचं झालं. मग ते जरा थांबले आणि म्हणाले,

"नि पुन्याला पोर जे काय करतंय, त्यात त्याला यश दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"नि त्याच्या बाटलीतला कडूपना वाईच कमी कर म्हाराजा."

राखणीच्या गाऱ्हाण्याला आजवर सगळ्यांनी एका आवाजात होकारच दिलेला आहे. त्या दिवशी मात्र काही जण ‘व्हय’ म्हणाले आणि बरेचसे गप्प राहिले. मागून सदूचा आवाज आला.

"नको म्हाराजा. हाय तेवढाच ऱ्हाव दे."